विलासचं नाव कुणी घेतलं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात अंगारा-धुपारा वडिलांनी कधी शिरू दिला नाही, आणि मी स्वतः झरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. तरी हे लिहितेय... कारण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

गेल्या उन्हाळ्यात, सकाळच्या शाळेसाठी परभणीहून काळी-पिवळीने निघाले होते. जागा ड्रायव्हरशेजारी. ड्रायव्हर विलास — तोंडात गुटखा, आणि काचेला चिकटवलेल्या मोबाईलवर बायकोशी व्हिडिओ कॉल. विषय काय, तर संध्याकाळी भाजी कोणती!

"भाऊ, रस्त्याकडं बघा की."

"मॅडम, ह्या रस्त्यावर डोळे झाकून चालवतो मी." लाल दात काढून हसला. किळस आली मला.

झरीच्या अलीकडे रेंज गेली. बायकोचा चेहरा स्क्रीनवर तसाच गोठला. हा "हॅलो, हॅलो" करत बोटाने स्क्रीन टोकरतोय, गाडी सुसाट... आणि त्याच फोनमधून बाईचा आवाज कडाडला —

"विलास, थांब! म्हातारी हाय म्होरं!"

ब्रेक लागला. बंपरपासून हातभर अंतरावर एक आजी, डोक्यावर कडबा घेऊन उभी. मी उतरून तिला पाणी दिलं. बाकीचे उतरले ते व्हिडिओ काढायला! आणि विलास? त्याने आजीकडे बघितलंसुद्धा नाही. रेंज येताच बायकोला फोन लावला, स्पीकरवर.

"चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतीस? आन् वरून अरे-तुरे?"

"अवो, मी कशाला नाव घीन? लग्न झाल्यापासून घेतलंय का कवा? फोन तर मघाच कट झाला. आन् मला हितून रस्ता दिसायलाय व्हय?"

खरंच होतं. फोनचा कॅमेरा विलासच्या तोंडाकडे होता. तिला रस्ता दिसणं शक्यच नव्हतं. पण आवाज तर गाडीतल्या सगळ्यांनी ऐकला होता!

गाडी सुरू झाली, आणि ह्याने लगेच मित्राला फोन लावला. नजर परत स्क्रीनवर. मी ओरडून गाडी थांबवली, तिथेच उतरले आणि शाळेपर्यंत चालत गेले.

तो आवाज कुणाचा, मला आजही सांगता येत नाही. विलास मात्र ही गोष्ट अजून रंगवून सांगतो — कुणीतरी बाईनं त्याला चारचौघांत अरे-तुरे केलं म्हणून.

त्याच्या गोष्टीत म्हातारी नसतेच.