न विकलेली मॅच

नागपूरच्या तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या पोरानं टेनिस खेळावं, हे सुरुवातीला कोणालाच खरं वाटत नसे. मारोती निनावेचे वडील धोंडबा जन्मभर हातमागावर लुगडी विणत बसले. भाऊही मागावरच बसले. मारोती तेवढा शाळा सुटल्यावर सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात चेंडू वेचायला गेला आणि तिथलाच झाला. त्या क्लबाचं नाव आता घेऊन उपयोग नाही. विशी ओलांडली तोवर मारोती तिथला मार्कर झाला होता.

मार्कर म्हणजे क्लबाचा पगारी खेळाडू. एखाद्या वकीलसाहेबांना जोडीदार मिळाला नाही की मार्करनं जाळीपलीकडे उभं राहायचं, त्यांना झेपेल असा चेंडू द्यायचा आणि होता होईल तो जिंकायचं नाही. मारोती हे सगळं हसतमुखानं करायचा. साहेब लोक घरी गेले की दुसऱ्या मार्करसोबत तो जे खेळायचा ते पाहायला मात्र माळी हातातली झारी ठेवून उभा राहायचा.

पगार घेणाऱ्याला तेव्हा स्पर्धेत उतरता येत नसे. साठीचं दशक संपता संपता तो नियम बदलला, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मारोतीनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं रॅकेट धरली. जबलपूरला जिंकला. रायपूरला जिंकला. अमरावतीहून कप घेऊन आला तेव्हा तांडापेठेनं त्याला संदलचे ढोल-ताशे लावून, नाचत-गात स्टेशनवरून घरी आणलं. त्याची बायको अनुसया दारात आरती घेऊन उभी होती. ती कपाकडे पाहून म्हणाली, "एवढ्या मोठ्या भांड्यात ठेवू काय मी?" मग तिनं त्यात तांदूळ भरून ठेवले.

बाहत्तरच्या मार्चमध्ये नागपुरातच, त्याच्याच क्लबावर, मोठी स्पर्धा झाली. मारोती फायनलला पोचला. समोर होता कलकत्त्याचा भादुरी, उंच, डावखुरा आणि देशभर खेळलेला. गावात दुसरा विषय नव्हता. पानठेल्यावर, गांधीबागेच्या कापडबाजारात, सगळीकडे पैजा लागल्या. तांडापेठेतल्या माणसांनी तर डोळे मिटून मारोतीवर पैसे लावले.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी बाबनराव त्याच्या घरी आला. हा गांधीबागेतला कापडाचा दलाल. दलाली दाखवायला आणि सट्टा कमवायला, असा त्याचा दुहेरी धंदा होता. चहा झाला, आणि चहानंतर तो मुद्द्यावर आला.

"मारोतराव, उद्या तू हरून जाय ना गा. सारे तुह्यावरच लावून राहिले. तू हरला तर मी तुले पक्कं घर बांधून देतो."

मारोतीनं कप खाली ठेवला. "चहा पेला ना तुमी?"

"पेलो."

"मंग उठा आता."

बाबनराव हसला. थट्टा समजून त्यानं आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तोवर अनुसयेनं त्याच्या चपला उचलून दारापाशी सरळ करून ठेवल्या होत्या. तो निमूट उठून गेला. मारोतीच्या दृष्टीनं गोष्ट तिथेच संपली. कोणाला जाऊन सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. घरी आलेल्या माणसाला नाही म्हटलं, यात सांगण्यासारखं काय होतं!

दुसऱ्या दिवशी पहिले दोन सेट त्यानं झपाट्यानं घेतले. भादुरी डोकं हलवत पाणी प्यायला. तिसऱ्या सेटमध्ये ऊन चढलं आणि मारोतीच्या उजव्या पोटरीत गोळा आला. पाय लाकडासारखा झाला. तो कोणाला काही बोलला नाही. मार्करनं साहेबांसमोर कधी दुखणं सांगायचं नसतं, ही सवयच अंगात भिनलेली होती. तो जागच्या जागी उभा राहून खेळत राहिला. जाळीजवळ टाकलेल्या चेंडूंपर्यंत त्याला पोचता येईना. सर्व्हिस करताना टाच उचलता येईना, आणि लागोपाठ दोन-दोन सर्व्हिसा जाळीत जायला लागल्या. तिसरा सेट गेला, चौथा गेला. पाचव्यात त्यानं जीव खाऊन झुंज दिली, पण हरला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मारोतीनं मॅच विकली. बाबनराव त्याच्या घरातून निघताना कोणीतरी पाहिला होता. क्लबाच्या कमिटीनं मारोतीला व्हरांड्यात उभं केलं.

"बाबनराव तुझ्याकडे आला होता?" सेक्रेटरींनी विचारलं.

"आले होते. मी त्यायले उठवून लावलं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

मारोती आखडलेल्या पोटरीकडे पाहत राहिला, आणि कमिटीनं तीच कबुली धरली.

तेवढ्यात फाटकातून बाबनराव स्वतः धापा टाकत आला. कोणी बोलावलं नव्हतं. टोपी हातात घेऊन तो व्हरांड्याखाली उभा राहिला.

"साहेब, या माणसानं मले घरातून हाकललं. तवा मी समजून गेलो, का हा काही हरत नाही. म्हणून मी होतं-नोहतं ते सारं याच्यावरच लावलं! मी याले विकत घेतलं असतं, तर आज मी बुडालो काहून असतो?"

कोणीतरी मोठ्यानं हसलं. "सट्टेवाल्याच्या शब्दावर कमिटीनं चालायचं का आता?" सेक्रेटरी म्हणाले. मारोतीची नोकरी गेली. त्याला कोणत्याही स्पर्धेत कायमची बंदी झाली आणि क्लबाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचीही मनाई झाली.

ते एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण तांडापेठेनंही तोंड फिरवलं. त्याच्यावर पैसे लावून बुडालेले लोक पानठेल्यावर तो आला की गप्प होत. मारोतीनं रॅकेट माळ्यावर टाकली आणि वडिलांच्या मागावर बसला. हात विणत, पण चित्त नसे. धोटा चुकायचा, धागे तुटायचे.

एक दिवस सकाळी अनुसयेनं माळ्यावरची रॅकेट काढून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"बंदी आहे मले," तो म्हणाला.

"त्यायच्या मैदानावर बंदी आहे. भिंतीवर कोणाची बंदी आहे का?"

"लोक काय म्हणतीन?"

"अजी, जे म्हणायचं ते म्हणून झालं त्यायचं. आता नवीन काय म्हणतीन?"

जवळच महानगरपालिकेच्या मुलींच्या शाळेची मागची भिंत होती. लांब, खिडकी नसलेली. मारोती तिच्यावर चेंडू मारू लागला. पहिल्या दिवशी थोडा, मग रोज सकाळी. भिंतीकडून येणारा चेंडू कधी थकत नाही आणि कधी टोमणाही मारत नाही. महिन्याभरात त्याचा मागावरचा हातही बसला. धोटा पुन्हा नीट पळू लागला.

सहा महिने असेच गेले. मग एके सकाळी शाळेच्या हेडबाई प्रमोदिनीबाई तावातावानं भिंतीला वळसा घालून आल्या. महाल भागात राहणाऱ्या, कडक शिस्तीच्या. "अहो गृहस्थ, आमच्या मुलींचे पाढे बंद पडलेत तुमच्या या ठोक्यांनी!"

"चुकलो, बाई. उद्यापासून नाही येत."

बाई जायला वळल्या आणि थांबल्या. "मघाशी तो उलट्या हातानं मारलात, तो पुन्हा मारा बघू."

त्यानं मारला. बाईंनी आणखी मारायला लावला. मग विचारलं, "हे मुलींना येईल?"

"यायला काय होते बाई! हात त्यायलेही आहेत."

त्याच्याबद्दल गावात काय बोलतात ते बाईंना ठाऊक होतं. शाळेच्या शिपायानं कानाशी लागून सांगितलंही. बाई म्हणाल्या, "सहा महिने तो माणूस माझ्या भिंतीशी एकटा खेळतोय. कोणाला विकायला खेळतोय तो?" आणि विषय संपवला.

शाळेमागची पडीक जागा मुलींच्या बापांनी साफ केली. बैलगाडीनं मुरूम आला, रोलर आला, शेणाचा सडा पडला. जाळी तांडापेठेतल्या बायकांनी ताण्याच्या जाड सुताची गुंफली. अनुसया त्यांच्यात पुढे होती. ज्या घरांनी तोंड फिरवलं होतं, त्याच घरांतल्या मुली दोन वेण्या वर बांधून कोर्टावर उभ्या राहिल्या, आणि त्यांना पोचवायला आलेले बाप खाली मान घालून का होईना, मारोतरावांशी बोलू लागले. आता सगळेच त्याला मारोतराव म्हणत होते. जुन्या रॅकेटी आणून देण्याचं काम बाबनरावानं अंगावर घेतलं. दलाली बुडाल्यावर तो हातगाडीवर कटपीस विकत असे. दर रविवारी गाडी कोर्टाशी लावून तो मुलींचे चेंडू गोळा करी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "या माणसानं मले चहा पाजून हाकललं होतं बरं!" जणू तो त्याचा मोठा सन्मान होता.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याच क्लबावर शाळांच्या स्पर्धा भरल्या. मारोतरावांनी शिकवलेल्या मुली फायनलला होत्या. प्रमोदिनीबाई त्यांना घेऊन आत गेल्या. मारोतराव तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. बक्षीस द्यायला कलकत्त्याहून पाहुणे बोलावले होते. ते भादुरी होते. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच होती. मॅच संपली, मुली जिंकल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता भादुरींची नजर कुंपणाकडे गेली. ते खुर्चीवरून उठले आणि तडक फाटकाबाहेर आले.

"निनावे? तुम बाहर क्यों खड़ा है?"

"बंदी आहे साहेब मले. बारा वर्षं झाली."

"किस बात की?"

मारोतरावांनी सांगितलं. भादुरींना यातलं काहीच माहीत नव्हतं. फायनलनंतर रात्रीच्या गाडीनं ते कलकत्त्याला गेले होते, आणि मग बरीच वर्षं आसामातल्या चहाच्या मळ्यात नोकरीला होते. सगळं ऐकून ते पुढे झाले. मग मारोतरावांचा दंड धरून त्यांनी त्यांना फाटकातून आत आणलं. दरवान आडवा आला नाही. बक्षिसांचं टेबल मांडलेलं होतं. सेक्रेटरी आता नवे होते. ते गोंधळून उभे राहिले.

भादुरी टेबलामागे गेले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उस दिन इसका पैर पत्थर हो गया था. जाली के उस पार से मैं देख रहा था. देखा, इसीलिए तो मैंने छोटा-छोटा बॉल डाला, कि ये दौड़ न सके. मैच मैंने जीता, मेहनत से जीता. आप कहते हैं इसने बेचा? तो फिर मेरा कप भी झूठा है. वो मैं वापस भेज देता हूँ."

मुलींची कॅप्टन पुढे आली आणि तिनं मारोतरावांना खुर्ची दिली. कमिटीनं त्याच आठवड्यात बैठक घेतली. बंदी उठली, आणि चूक आमची होती असं सेक्रेटरींनी तांडापेठेत येऊन, मारोतरावांच्या घरी बसून सांगितलं. अनुसयेनं त्यांना चहा दिला. या वेळी चपलांना हात लावला नाही.

भादुरी तोवर नागपुरातच थांबले होते. "अब एक मैच," ते म्हणाले, "दोनों पैर से."

रविवारी सकाळी क्लबाचं फाटक सताड उघडं होतं. सायकलींवर, रिक्षांत, चालत, सगळी तांडापेठ आली. नऊवारीतल्या म्हाताऱ्या साहेबांच्या वेताच्या खुर्च्यांवर जाऊन बसल्या आणि त्यांना कोणी उठवलं नाही. कोणीतरी बाबनरावाला डिवचलं, "काहो, आज कोणावर लावले?"

"आज निसत्या टाळ्या," बाबनराव म्हणाला.

दोघंही चाळिशी ओलांडलेले. पहिला सेट भादुरींनी घेतला. दुसऱ्यात मारोतरावांचा उलटा हात चालू लागला, भिंतीवर बारा वर्षं घोटलेला, आणि चेंडू पांढऱ्या रेघेवर खडूची धूळ उडवू लागला. तिसऱ्यात भादुरींनी पुन्हा जाळीजवळ चेंडू टाकून पाहिले. मारोतराव प्रत्येकावर धावले, प्रत्येकाला पोचले. शेवटचा चेंडू त्यांनी भादुरींच्या पायांमागे असा ठेवला की भादुरी तो पाहत हसतच राहिले. मग लोक कुंपण ओलांडून आत शिरले. मुलींनी सरांना उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून त्यांच्या बापांनी उचललं. त्यात असेही होते ज्यांचे पैसे बाहत्तरमध्ये बुडाले होते.

"उतरवा गा मले," मारोतराव ओरडत होते, "पडीन ना मी!"

कोणी ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी भादुरींनी त्यांना कलकत्त्याला बोलावलं. चाळिशीवरच्या खेळाडूंची स्पर्धा होती, आणि दोघांनी जोडीनं नाव दिलं होतं. मारोतराव आणि अनुसया हावडा मेलनं गेले. फायनलला समोर मद्रासची जोडी होती. अनुसया पहिल्या रांगेत, पदर खोचून, एका बंगाली बाईशेजारी बसली होती. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. सामना बरोबरीवर आला आणि सर्व्हिस मारोतरावांकडे गेली, तशी अनुसयेनं त्या बाईचा हात घट्ट धरला.

"आता पाहा वं," ती म्हणाली, "माह्या नवऱ्याची सर्व्हिस आहे."

मारोतरावांनी टाच उचलली, चेंडू उंच टाकला, आणि मद्रासवाल्याची रॅकेट हलायच्या आत तो त्याच्या अंगावरून मागच्या पडद्यावर जाऊन आदळला.