डुकरं हाकलणारा आवाज

राजापेठेत भरदुपारी कुण्या गाढवानं सुतळी बॉम्ब फोडला आणि जळक्या दारूच्या त्या वासानं मी पुन्हा सीमेवरच्या खंदकात जाऊन पडलो. फौजेतला माझा जोडीदार अकोल्याकडचा, शेतकरी घरातला. पहिला तोफगोळा लांब पडला तसा तो हसला, "रानडुकरं हाकलून राह्यले काय बे?" आमच्याकडे पिकात शिरलेली डुकरं असेच फटाके फोडून पळवतात. मजेत तो बघायला उभा राहिला. दुसऱ्या गोळ्याच्या तुकड्यानं त्याचा गळा चिरला. गरम रक्त माझ्या तोंडात गेलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं. आता मी त्या लढाईची चित्रकथा काढतोय. बाकी सगळी प्रेतं काढून झाली. फक्त त्याच्या हसण्याच्या पानावर हात अडतो, कारण पुढच्या चौकटीत मलाच त्याला उभं करावं लागणार आहे.