दुकानातला गोंद

अकरावीच्या वर्गाला मी रासायनिक बंध शिकवत होते. फळ्यावरचे ठिपके आणि रेघा बघून पोरं पेंगायला लागली, म्हणून मी ऑपरेशनमध्ये वापरायच्या वस्तूंकडे वळले. आपोआप विरघळणारे टाके, हाडात बसवायचा स्क्रू आणि कातडी चिकटवणारा गोंद.

"ओलावा लागला की या गोंदातले दुहेरी बंध उघडतात, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लांब साखळी होते," मी सांगितलं. "आपल्या घरात झटपट चिकटणारा गोंद असतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ."

वर्ग खडबडून जागा झाला. मीही खूश झाले.

चार दिवसांनी मुर्धा गावाहून येणारी एक मुलगी डाव्या हातानं गिरगटत लिहिताना दिसली. उजवा हात ओढणीखाली होता. मी ओढणी बाजूला केली. तळवा टरटरून सुजला होता. गोंदाच्या चकचकीत पापुद्र्याखाली पिवळं काहीतरी साचलं होतं.

"मासे साफ करताना विळी लागली," ती म्हणाली. "मग गोंद लावला. तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम."

तिच्या मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढत होती.

रिक्षा करून तिला जेसल पार्क भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं. वाटेत तिच्या आईला फोन केला. माझी नजर त्या रेघेवरून हलत नव्हती.

डॉक्टरांनी हात पाहिला. "पू आत कोंडलाय. विष वर सरकतंय. आत्ताच उघडायला हवं."

आई धावत आली. "गोंद लावायला कोणी सांगितलं हिला?"

"मी," मी म्हणाले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझा दंड घट्ट पकडला. "बाई, हात ऱ्हाईल ना तिचा? का न्हाय?"

मुलीला आत नेलं. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

हात वाचला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी सांगायचं राहिलेलं सांगितलं. दुकानातला गोंद चिकटताना जास्त तापतो, त्याची साखळी लवकर तुटते आणि तो कातडीला जाळतो. डॉक्टरांचा वेगळा असतो, निर्जंतुक असतो, आणि तोही धुतलेल्या, स्वच्छ जखमेवरच लावतात.

अजूनही एखादा तास रंगला की संपवण्याआधी मी काय करायचं नाही तेही सांगते. कोण घरी जाऊन काय करून बघेल, मला कुठे कळणार?

ती मुलगी पंधरा दिवसांनी परत आली, बुडालेल्या तासांच्या नोट्स मागितल्या आणि उजव्या हातानं उतरवून घेतल्या. तिची करंगळी मात्र अजून पूर्ण सरळ होत नाही.