मेश्राम मॅडमच्या माश्या

मेश्राम मॅडम प्रयोगशाळेत आल्या की तोंडाचा स्कार्फ सोडण्याआधी भिंतीला तळवा लावून बघत. थर्मामीटर शेजारीच लटकलेला असे, तरी आधी भिंत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात फळमाश्या जगवायच्या म्हणजे नुसत्या एसीवर भागत नाही, असं त्यांचं मत होतं.

मॅडम मूळच्या नागभीडच्या. कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. फळमाशीच्या अळीचा कोष होतो तो एका हार्मोनमुळे. पण ते हार्मोन ओळखणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, पेशीत असावं लागतं. आमच्या अळ्यांत तेच बिघडलेलं होतं. त्या बाटलीच्या काचेवर चढत आणि कोष न होताच मरत. मॅडम म्हणायच्या, "हार्मोन तं येऊनच राह्यलं. पेशी घेतच नाई."

या अळ्यांत चांगल्या रिसेप्टरचा जनुक घातलेला होता, उष्णता मिळाली की जागा होणारा. कोणत्या वयात ऊब दिली तर कोष होतो, हे आम्हाला शोधायचं होतं.

मे महिन्यात एका सोमवारी, अगदी लहान वयात ऊब दिलेल्या अळ्यांचे कोष झालेले दिसले. हे कुणालाच अपेक्षित नव्हतं. मी मनातल्या मनात प्रबंध पुरा केला. मॅडमनी मात्र शेजारच्या, ऊब न दिलेल्या बाटल्या उजेडात धरल्या. तिथंही कोष होते. त्यांनी चौकीदाराला विचारलं. रविवारी दुपारभर लाइन नव्हती, इन्व्हर्टरही बसला होता. बंद खोली तापली आणि जनुक आपोआप जागा झाला.

ऊब न देता कोष झालेल्या तेवढ्याच बाटल्या बाजूला काढू, बाकीच्या ठेवू, असं मी सुचवलं.

"हे आपण नाई केलं, उनानं केलं," त्या म्हणाल्या. "ते आपल्या नावावर कसं लिहायचं?"

मोसमभराच्या बाटल्या टाकून दिल्या. मी व्हरांड्यात जाऊन रडले. परत आले तेव्हा मॅडम रिकाम्या बाटल्या धूत होत्या. डोळे त्यांचेही लाल होते. माश्यांच्या खाद्यासाठी मक्याचं पीठ शिजत ठेव, एवढंच मला म्हणाल्या.

ज्यांच्यापासून या अळ्या मिळत त्या मूळ माश्या त्यांनी ऊर्जानगरच्या आपल्या क्वार्टरमध्ये नेल्या. ती वीज केंद्राची वसाहत, तिथं लाइन सहसा जात नसे. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन त्या बसमध्ये बसत. लोक माश्या हाकलतात, तुम्ही पाळता काऊन, असं कुणी बाईनं विचारलं की स्टॉप येईपर्यंत समजावत.

हिवाळ्यात सगळे प्रयोग पुन्हा केले. कोष झाले ते फक्त मोठ्या अळ्यांचे, लहान वयात ऊब दिलेल्यांचा एकही नाही. उन्हाळ्यातल्या निष्कर्षाच्या नेमकं उलट.

मॅडमच्या निवृत्तीच्या थोडं आधी माझी तोंडी परीक्षा झाली. उशीर का झाला, असं परीक्षकांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, त्या बाटल्या ठेवल्या असत्या तरी कुणाला दिसलं असतं?

मॅडम बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"दुसऱ्याले दिसलं असतं का नाई, मले मालूम नाई, सर. आमाले दिसलं होतं."