टाकीमागची चटई

आता काय सांगू तुम्हाला, डॉक्टरांनी मला एकच काम दिलं होतं, उन्हात बसायचं. तेही धड जमलं नाही!

उन्हाळ्याची सुट्टी लागली, शाळेत शिकवणं थांबलं, तरी माझा थकवा जाईना. झोपून उठलं की परत झोपावंसं वाटायचं. आमच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. "बाकी ठणठणीत आहात, पण डी व्हिटॅमिन कमी आहे. रोज थोडा वेळ उन्हात निवांत बसा. मग बघू गोळ्यांचं."

नळदुर्गात राहून उन्हाला महाग! पण 'निवांत' हा शब्द मला फार आवडला. घरी येऊन चटई उचलली आणि गच्ची गाठली.

"सुमन, बसतीच हाईस तर कुरडयांवर ध्यान ठिव," सासूबाई जिन्यातून म्हणाल्या. "कावळे लई झालेत."

ठेवलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शकुंतलाकाकू सांडग्यांचं ताट घेऊन हजर. "डाक्टरनंच बसवलंय म्हणं तुला! मग माझं बी बघ की."

नाही म्हणायचं होतं हो! पण तोंडातून निघालं, "ठेवा की."

मग काय, गल्लीभर बातमी. पापड आले, शेवया आल्या, कुणाच्या तरी मिरच्याही आल्या. वाळवणाला सावली चालत नाही, म्हणून ऊन सगळं त्यांना. माझी चटई सरकत सरकत पाण्याच्या टाकीमागं गेली. तिथून संध्याकाळपर्यंत मी काठी आपटत कावळे हाकलायची. निवांतपणा गेला खड्ड्यात!

सुट्टी संपत आल्यावर परत रक्त तपासलं. गुडघे दाखवायला सासूबाईही सोबत होत्या. माझं डी होतं तिथंच!

"उन्हात बसला नाहीत का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अहो, दिवसदिवस बसले! विचारा आमच्या सासूबाईंना."

"व्हय तर! रोज बसती," सासूबाईंनी साक्ष दिली. "टाकीच्या सावलीत."

म्हणजे इतके दिवस मी ऊन नुसतं बघत होते? खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं. मग गल्लीभरच्या वाळवणाचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरबाई हसत गोळ्या लिहायला लागल्या. "जरा नाही म्हणायला शिका हो. घरात, गल्लीत, सगळ्यांना." मग पेन थांबलं. "गच्चीवर ऊन मात्र चांगलं दिसतंय तुमच्या. माझ्या शेवया वाळायच्या राहिल्यात, आमच्याकडं गच्चीच नाही..."

मी ओठ घट्ट मिटून घेतले होते, शप्पथ! तरी आवाज आला, आणि तो माझाच होता:

"आणा की!"