पांढऱ्या शर्टातला डुक्कर

मालवणच्या एसटी स्टँडसमोर पेपरांचा एक ठेला आहे. तो सुशीलाचा. नवरा होता तोवर ठेल्यावर तो बसायचा. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता ठेल्याला कुलूप लागणार. पण दिवसकार्य आटोपलं आणि दुसऱ्याच पहाटे ही बाई पदर खोचून गठ्ठे सोडायला हजर. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण तोंड अजून धडधाकट आहे. पेपर चाळून परत ठेवणाऱ्याला ती असं काही ऐकवते की त्या माणसाला पेपर विकत घेणंच स्वस्त पडतं.

गंमत अशी की पेपर विकून जगणाऱ्या या बाईचा पेपरावर काडीचा विश्वास नाही. पुढाऱ्यांची भाषणं, हवामानाचे अंदाज वगैरे ती सोडून देते. त्यात कोणाचं काय जातं? पण एक बातमी दिसली की तिचं डोकं फिरतं. बंदुकीची. या जिल्ह्यात डुकरं-माकडं शेताची धूळधाण करतात, म्हणून वाडीत एखादी परवान्याची ठासणीची बंदूक असतेच. आणि वर्षाकाठी कुठेतरी छापून येतंच: साफ करताना चुकून गोळी सुटली, पाय घसरून बार उडाला, डुक्कर समजून माणसाला लागली. मग सुशीला ती बातमी ठेल्यावर जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकते.

"पांढरो शर्ट घातलेलो डुकर माका काय अजून दिसूक नाय!"

यामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती हसण्यासारखी नाही. सुशीला शाळकरी होती तेव्हा तिच्या माहेरी, पेंडखोलात, शेजारच्या वाडीतला एक माणूस रानात गोळी लागून मेला. पेपरात आलं, डुक्कर समजून गोळी झाडली. मेलेल्याच्या अंगात पांढरा शर्ट होता, आणि तो मोठ्याने भजन म्हणत घरी येत होता. बंदूकवाल्याचं आणि त्याचं वैर अख्ख्या गावाला ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. सुशीलाच्या आईने मेलेल्याच्या बायकोला घरात आणून जेवू घातलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली होती, "भजन म्हणता काय गो डुकर?" ते सुशीला विसरली नाही. तेव्हापासून तिच्या लेखी बंदूक कधी आपणहून सुटत नाही. मागे माणूस असतो, आणि माणसाच्या मनात काहीतरी असतं.

तर यंदा दसरा झाला, सुट्टीनंतरचा पेपर आला. सुशीलाने चष्मा चढवला. लवू रिक्षावाला चहाचा ग्लास घेऊन टेकला होता, आणखी दोघे-तिघे होते. आतल्या पानावर कोपऱ्यात तिला हवं ते सापडलं.

"आयका रे," ती म्हणाली, "'बंदूक साफ करताना गोळी सुटून वृद्ध जखमी.' झाला! इली बातमी! 'दसऱ्याच्या दिवशी सकाळी...' हात् मेल्या! दसऱ्याक कोण बंदूक साफ करता? हत्यारा घासतत आदल्या दिवशी. दसऱ्याक ती पाटार बसतत, गंध लावून. खोटा बोलूक पण अक्कल लागता. कोण तो बघूया शाणो... 'पेंडखोल येथील शंकर धुरी...'"

पुढे तिला वाचता येईना. लवूने ग्लास खाली ठेवला.

शंकर धुरी म्हणजे तिचा थोरला भाऊ. दादा. माहेर तासाभराच्या वाटेवर, घरात दोन फोन, आणि बहिणीला ही गोष्ट पेपरातून कळावी? वहिनीला फोन लावला तर ती म्हणाली, "वन्सं, तुमका कळवचा हुता गो, पण हेच म्हणाले, सुशीक सांगा नको, ती नको ता इचारीत ऱ्हवतली. ओरोसाक दवाखान्यात आसत. पाय वाचलो."

नको ते म्हणजे काय? सुशीलाला ते विचारावं लागलं नाही. कारण पेंडखोलच्या त्या घरात दोन भाऊ होते. थोरला शंकर आणि मुंबईची नोकरी संपवून परतलेला धाकटा सुदेश. एकाच घराचे दोन भाग, मध्ये सामाईक देवघर. डोंगरातल्या काजूच्या मेरेवरून, म्हणजे हद्दीवरून, दोघांचं फाटलं होतं. मेरेचा दगड कोणीतरी सरकवला. दादा म्हणायचा सुद्याने, सुद्या म्हणायचा दादाने. दोन वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. सुशीलाने भाऊबीजेला दोघांना दोन वेळेला ओवाळलं होतं.

"लवू, रिक्षा काढ," ती म्हणाली. ठेला तसाच उघडा राहिला.

वाटेत कट्टा गेलं, कसाल गेलं, भातं पिवळी होऊन आडवी झाली होती, पण तिचं बाहेर लक्ष नव्हतं. सुद्याला तिने कडेवर वाढवला होता. तो लहानपणी कोंबडी कापताना घराबाहेर पळायचा. तो दादावर बंदूक धरील? छे. पण मग पांढऱ्या शर्टवाल्याला मारणारालाही कोणाच्या तरी बहिणीने कडेवर घेतलंच असणार. हा विचार आला आणि तिला रिक्षात रडू कोसळलं.

"काकी, पेपरात तर चुकान म्हणून इला आसा," लवू भीतभीत म्हणाला.

"म्हणानच तर रडतंय," सुशीला म्हणाली.

दवाखान्यात दादा खाटेवर पडला होता, पोटरीला जाडजूड बँडेज. आणि उशाशी बसून त्याला चमच्याने पेज भरवत होता कोण, तर सुदेश! दोन वर्षं ज्याच्या सावलीला उभा राहिला नाही, त्याला पेज? बहिणीला बघून दोघांचीही तोंडं चोरासारखी झाली. सुशीलाचा उरलासुरला धीर सुटला. मनात पाप असल्याशिवाय माणूस एवढी सेवा करत नाही, असं तिला वाटलं.

सुदेश भांडं विसळायला गेला तेव्हा तिने दादाला विचारलं, "काय झाला?"

"बंदूक साफ करी हुतंय," दादा छताकडे बघत म्हणाला. "सुटली."

ती उठून नळाकडे गेली. "सुद्या, काय झाला?"

"खुंटयेवरना पडली गो. सुटली," सुदेश भांड्यात बघत म्हणाला.

एका बंदुकीच्या दोन गोष्टी. सुशीलाने नळ बंद केला. आयुष्यभर पेपरातल्या माणसांना विचारायचं होतं ते तिने आपल्या भावाला विचारलं.

"सुद्या, माझ्या डोळ्यांत बघ. तू दादावर बंदूक धरलंस?"

सुदेशच्या हातातलं भांडं खाली पडलं. त्याने तिचा दंड धरला आणि तिला ओढतच खाटेपाशी आणलं.

"दादा, हिका खरा काय ता सांग. तुझी लाज ऱ्हवली बाजूक, ही माका फाशी देवक निघाली!"

दादाने डोळे मिटले. मग हळूहळू बाहेर आलं ते असं.

धुऱ्यांच्या घरात दसऱ्याचे मान ठरलेले. देवघरासमोर पाटावर कोयते, पारय म्हणजे पहार, बंदूक मांडायची. देवाला गाऱ्हाणं थोरल्याने घालायचं. 'व्हय म्हाराजा' धाकट्याने म्हणायचं आणि नारळही त्यानेच वाढवायचा. बोलणं बंद असलं तरी मान चुकवायचा नाही. तसे दोघे भाऊ आले. पण धाकट्याच्या शेजारी कशाला उभं राहायचं, म्हणून दादा पाटाच्या पलीकडे गेला, बंदुकीची नळी होती त्या बाजूला. बंदूक आदल्या दिवशी घासून लख्ख केली होती, खरंच. पण संध्याकाळी डुकरं भातात उतरणार अशी खबर आली म्हणून दादाने ती भरली. डुकरं आलीच नाहीत. ठासणीची बंदूक एकदा भरली की बार काढल्याशिवाय रिकामी होत नाही, आणि सणासुदीला गाव कशाला उठवा, म्हणून त्याने ती तशीच आणून टेकवली. सकाळी वहिनीने तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. घोड्याखालची केप, म्हणजे बार पेटवणारी टोपी, काढायची राहिली हे कोणाच्या ध्यानात नाही.

"गाऱ्हाणा घातलंय," दादा म्हणाला. "घरादाराचा झाला, गुराढोरांचा झाला. मगे माका ऱ्हवला नाय. म्हटलंय, बा म्हाराजा, मेरेचो दगड ज्या कोणी सरकवलेलो आसात, त्येका तू आत्ताच्या आत्ता दाखव!"

"मी म्हटलंय, व्हय म्हाराजा!" सुदेश म्हणाला. "आणि रागान नारळ असो हाणलंय पाटाफुडल्या दगडार, की एक भकल उडाला ता थेट बंदुकीच्या घोड्यार."

"आणि बार माझ्या पोटरयेत!" दादा ओरडला, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.

सुशीला खाली बसली. खोबऱ्याचं भकल! वैर नाही, नेम नाही, नारळाचा एक उडालेला तुकडा. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आधी तिला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. पदर तोंडात कोंबला तरी आवाज थांबेना.

"हसतंस काय?" दादा चिडला. "गावात कळला तर लोक काय म्हणतीत? देवाक कौल लावलो आणि देवान जाग्यारच निकाल दिलो! म्हणान पोलिसांका सांगलंय, साफ करी हुतंय."

"आणि देवाचो निकाल चुकलो काय?" सुशीलाने डोळे पुसत विचारलं.

दादाने चादर बँडेजवर ओढून घेतली. सुदेश खिडकीबाहेर बघायला लागला. मग दादा पुटपुटला, "हातभरच सरकवलंय रे. जास्ती नाय."

"माका ठावक हुता," सुदेश म्हणाला. "पेज निवता, खा."

संध्याकाळी परतताना रिक्षात सुशीलाने लवूला भजी घेऊन दिली. आपल्या पैशांनी. मालवणात ही दसऱ्याइतकीच मोठी बातमी.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. सगळे पेपर चाळतात, कान मात्र तिच्याकडे. शेवटी एकाने विचारलंच, "काय काकी, मगे? खरांच साफ करताना?"

सुशीलाने गठ्ठ्याची दोरी ओढून सोडली. "पेपरात छापून इला ना? मगे? साफ करतानाच!"

वाटेत सगळं ऐकलेल्या लवूला चहाचा ठसका लागला. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो ठसका अर्ध्यात गिळून बसला.

मेरेचा दगड दिवाळीआधी जागच्या जागी गेला. दादा लंगडत जाऊन उभा राहिला आणि पारय सुदेशने चालवली. भाऊबीजेला सुशीलाने दोघांना एकाच पाटावर दाटीवाटीने बसवून एकदाच ओवाळलं.

त्यानंतर थंडीत पुन्हा एक बातमी आली. बांद्याकडची. घरात हाताळताना बंदूक सुटली, एक जखमी. सुशीलाने मोठ्याने वाचली. लोक तिच्या वाक्याची वाट बघत थांबले. ती वाक्य विसरली नव्हती. त्या बाईचं भिंतीकडे वळलेलं तोंड ती मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिने पेपराची घडी घातली.

"खोटा आसा काय, ता बोला, काकी," कोणीतरी म्हणालं.

"खोटा आसाच," सुशीला म्हणाली. "पण थंय कोणी नारळ वाढवलो हुतो काय, ता आधी इचारा."