तिसरी शिम

अनुरागने दुरुस्तीला आलेल्या लेन्सच्या मागच्या भागातलं पितळी कडं उचललं, टिश्यूने पुसलं, आणि त्या टिश्यूतून एक बारीक चकचकीत तुकडा खाली पडला. त्याला दिसला नाही. मला दिसला. आमची टेबलं जोडून आहेत; माझ्या टेबलावरच्या रबरी मॅटवर, माझ्या कोपरापासून चार बोटांवर.

ती शिम होती. शिम म्हणजे पितळेचा पातळ पत्रा, कागदाहून पातळ, नखाएवढा. लेन्समध्ये काचांचा गट बसवताना त्याच्याखाली तीन ठिकाणी अशा शिमा ठेवतात. टेबल डुगडुगलं की आपण पायाखाली कागदाची घडी सारतो, तसंच. फक्त इथे कारखान्यातला माणूस प्रत्येक लेन्स मोजून वेगवेगळ्या जाडीच्या शिमा घालतो. कुठे कोणती घातली, हे लेन्सवर लिहिलेलं नसतं.

अनुरागने सापडलेल्या दोन शिमा ट्रेमध्ये ठेवल्या, मोबाइलवर टेबलाचा फोटो काढला आणि पुढच्या स्क्रूकडे वळला. तिसऱ्या जागी शिम नव्हतीच, असं त्याने धरलं. तसंही असतं कधी कधी.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याच्या मागच्या भिंतीवरचं फ्रेम केलेलं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट दिसलं. मी तोंड मिटलं.

आमचं कॅमेरा रिपेअरिंगचं दुकान गांधीबागेत, पहिल्या मजल्यावर. खाली कापडाचा ठोक व्यापारी. दिवसभर कापडाची थानं उलगडतात आणि कापसाचे तंतू जिना चढून आमच्याकडे येतात. लेन्स उघडायची तर आधी खिडक्या बंद, पंखा बंद. नागपूरच्या मे महिन्यातही. अशा उकाड्यात मी एकवीस वर्षं काढली. आयटीआय करून लागले तेव्हा दुकानात बाई म्हणून मी एकटीच होते, आजही आहे.

अनुराग सहा वर्षांपूर्वी आला. स्क्रू आधी दाबायचा आणि मग फिरवायचा, हे त्याला मी शिकवलं. गेल्या वर्षी एका कंपनीने मोठ्या टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सचं ट्रेनिंग ठेवलं, बंगळुरूला, तीन आठवड्यांचं. दुकानाला एकच जागा. आमचे मालक, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते मला म्हणाले, "सुषमाताई, तुमचं घर आहे, सासूबाईचं दुखणं आहे. तीन आठवडे कसं जमन तुम्हाले? अनुरागले पाठवून राहिलो."

मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. घरी सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काहून नाही गेली वं? मी का लहान लेकरू आहो?"

तो परत आला आणि मोठ्या लेन्सा त्याच्या टेबलावर जायला लागल्या. माझ्याकडे उरली बुरशी आणि धूळ. गिऱ्हाईक जिना चढून विचारायचं, "अनुराग सर आहेत का?" एकवीस वर्षांत मी ताईची मॅडमसुद्धा झाले नाही. तो तीन आठवड्यांत सर झाला.

म्हणून त्या दिवशी मी गप्प बसले. शेजारी पडलेलं लेन्सचं टोपण उचललं आणि शिमवर पालथं घातलं. चोरी नव्हती ती, असं मी मनाशी म्हटलं. शोधू दे. ट्रेनिंग घेतलंय ना!

अर्ध्या तासाने मला सांगावंसं वाटलं. पण तोवर 'मग अर्धा तास तुम्ही काय करत होता?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी त्याने लेन्स जोडून कॉलिमेटरवर लावली. कॉलिमेटर म्हणजे लेन्समधून सरळ किरण सोडून सगळ्या काचा एका रेषेत आहेत का ते दाखवणारं यंत्र. नव्हत्या. भिंतीवरच्या तपासणीच्या चार्टचा फोटो काढला तर खालचा डावा कोपरा पुसट. त्याने लेन्स पुन्हा उघडली. दुसऱ्या दिवशी दोनदा. कपाळाचा घाम लेन्सवर पडू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला. आपली मॅट झाडली, फरशी झाडली, माझ्या खुर्चीखालीही बघितलं. माझ्या टेबलावरच्या वस्तूंना त्याने हात लावला नाही. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या टेबलाला हात लावत नाहीत. हेही मीच शिकवलेलं.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. डब्यातली भाजीसुद्धा त्या दिवशी चवीची लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाऊंना म्हणाला, "भाऊ, पडल्यानं पुढची मोठी काच सरकली असन. फ्रंट ग्रुप बदलावा लागते."

फ्रंट ग्रुप म्हणजे लेन्सच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या काचा. लेन्समधला सगळ्यात महाग भाग. भाऊंनी कंपनीला भाव विचारला आणि लेन्सच्या मालकिणीला बोलावून घेतलं.

मालकीण म्हणजे डोंगरे मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, राहायला प्रताप नगरला. निवृत्तीनंतर पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड लागलं. स्वतःच्या नावावरचा एक प्लॉट विकून ही लेन्स घेतली, तीही सेकंडहँड. घरच्यांनी वेड्यात काढलं होतं. आठवड्यापूर्वी ती लेन्स गाडीच्या सीटवरून दगडावर पडली आणि मागचं कडं सैल झालं.

भाऊंनी कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. मॅडमनी तो वाचला आणि हळूच स्टुलावर बसल्या.

"परवा पहाटे मले गोंदियाकडे जायाचं आहे," त्या म्हणाल्या. "तिथल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं पिल्लू काढलं आहे. चार वर्षं झाली, मी त्या जोडीची वाट पाहून राहिली."

भाऊ काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. अनुराग आतल्या खोलीत होता. समोर मी एकटी.

"काहून वं बाई," मॅडमनी मला विचारलं, "एका भिंगाले एवढे पैसे काहून लागतात? मी प्लॉट विकला. असं आहे तरी का याच्यात?"

हा प्रश्न मला हजार वेळा विचारला गेला आहे. उत्तर पाठ आहे. मी सुरू केलं.

"मॅडम, यातल्या काही काचा काच नसतातच. भट्टीत वाढवलेला स्फटिक असतो. तो आठवडेच्या आठवडे हळूहळू थंड करावा लागतो. घाई केली की तडकते."

"बरं."

"मग ते घासायचं. आमचे आयटीआयचे सर सांगायचे, ही काच नागपूरएवढी मोठी केली, तर तिच्यावरचा उंचवटा तुरीच्या दाण्याएवढाच निघाला पाहिजे. मग तिच्यावर कोटिंगचे थर द्यायचे, हवा काढून घेतलेल्या पेटीत. एक कण बसला तरी काच बाद. आणि एवढं करून अशा लेन्सा विकल्या जातात थोड्याच. म्हणून सगळ्या यंत्रांचा खर्च थोड्याच लोकांवर पडते."

गणिताच्या बाईंना हे पटलं. त्यांनी मान हलवली. "अन् मग?"

"मग जोडायचं. ते काम माणूस करते. काच बसवते, मोजते, उघडते, खाली पत्रा घालते, पुन्हा मोजते. कागदाहून पातळ..." माझी नजर टेबलावरच्या टोपणाकडे गेली. "कागदाहून पातळ पत्र्याचा फरक पडला, तरी महागातली महाग काच बिनकामाची होते."

मॅडम म्हणाल्या, "म्हंजे मी पैसे काचेचे नाही दिले. त्या माणसाच्या हाताचे दिले."

"हो."

"त्यानं तर आपलं काम नीट केलं होतं न वं. मग नुकसान कोणी केलं? मीच. सीटवर ठेवाले नको होती."

त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. मी उठले. माझ्या टेबलावरचं टोपण उचललं, चिमट्याने शिम धरली आणि आतल्या खोलीत गेले.

"अनुराग, हे माझ्या टेबलावर सापडलं."

शब्द न् शब्द खरा होता. वाक्य मात्र खोटं होतं.

त्याने शिमकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रुमाल डोक्याला घट्ट बांधला, लेन्स पाचव्यांदा उघडली आणि शिम तिसऱ्या जागी ठेवली. तासाभराने चार्टचा फोटो स्क्रीनवर आला. चारही कोपरे लख्ख. पुढच्या काचेला काहीच झालेलं नव्हतं.

भाऊ खूश. मॅडमसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "म्हणून तर ट्रेनिंगले पाठवलं याले!" मॅडमनी त्याचे दोन्ही हात धरले. मी बाजूला उभी राहून खोक्यात थर्माकोल भरत होते. आपणच लपवलेली वस्तू आपणच आणून दिली, आणि तरी मला वाटत होतं की शाबासकीतला अर्धा वाटा माझा आहे. माणसाचं मन किती निलाजरं असावं!

तीन दिवसांनी मॅडमनी काढलेला फोटो आला. हिरव्या धानात दोन सारस, मध्ये तपकिरी पिल्लू, त्याच्या पिसांवर दवाचे थेंब मोजता येतील असे. फोटो अनुरागच्या मोबाइलवर आला होता. खाली लिहिलं होतं, 'थँक यू सर.'

त्याने तो मला दाखवला. दुकानात आम्ही दोघंच होतो. मग बोट सरकवून त्याने आधीचा एक फोटो दाखवला, पहिल्या दिवशी त्याने टेबलाचा काढलेला. कडेला माझं कोपर होतं. कोपरापाशी, मॅटवर, एक चकचकीत ठिपका.

"तुम्ही आणून दिली, त्याच्या नंतर पाहिला मी हा फोटो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "भाऊले काहून नाही सांगितलं?"

"सांगून का फायदा, ताई? मले रोज तुमच्याच बाजूले बसाचं आहे." आणि त्याने माझ्यासमोर तो फोटो डिलीट केला.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट वाटलं, हा मोठेपणाही यालाच जमावा! कामात पुढे, आता माणूस म्हणूनही पुढे. मी त्याला "माफ कर" म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी, आणि तेही चहाचा कप पुढे करताना, त्याच्याकडे न बघता. तो "हो" म्हणाला आणि चहा प्यायला.

त्याच आठवड्यात मी भाऊंकडे गेले. म्हटलं, "पुढचं ट्रेनिंग आलं तर मले विचारा. जमन का नाही जमन, ते मी सांगन."

भाऊ चकित झाले. "तुम्हाले जायाचं होतं?"

"हो."

"मग तेव्हाच बोलाचं न!"

अजून दुसरं ट्रेनिंग आलेलं नाही. मोठ्या लेन्सा अनुरागकडेच जातात, आणि त्याने एखादी पहिल्या फटक्यात बरोबर जोडली की माझ्या पोटात अजून दुखतं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. टेबलावर शिल्लक काही दिसलं, किंवा मनात काही सलत असलं, तर त्याच मिनिटाला बोलून मोकळं व्हावं. उशीर झाला की तीच गोष्ट फार महाग पडते.